बीटलचं इंजिन खोलताना

जुन्या फोक्सवॅगन बीटलच्या इंजिनाला रेडिएटर नाही. चारही सिलिंडर थंड राहतात ते पंख्याच्या हवेवर आणि ऑइलवर. म्हणून जुनं इंजिन खोलताना आधी उष्णतेच्या खुणा शोधाव्यात. 1971 पूर्वीच्या मॉडेलांत ऑइल कूलर हवेच्या वाटेतच असे, त्यामुळे तीन नंबरचा सिलिंडर जास्त तापे. त्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळलाय का, हेडमध्ये व्हॉल्व्ह सीटांच्या मधे बारीक तडा आहे का, ते नीट बघा. क्रँकशाफ्टची पुढे-मागे हालचाल मात्र खोलण्याआधीच डायल गेजने मोजा. 0.07 ते 0.13 मिलिमीटर ठीक, 0.15च्या पुढे गेली, तर क्रँककेसमधली बेअरिंगची बैठक तपासायलाच हवी. केस झिजली असेल, तर नव्या पिस्टनवर आधी पैसे घालू नका.