सरकणारे पेट्रोल

ड्रिफ्टिंगमध्ये गाडी मुद्दाम आडवी नेतात. मागची चाके घसरत राहतात, पुढची वळणाच्या उलट दिशेला वळलेली असतात आणि चालक ही तिरकी चाल वळण संपेपर्यंत टिकवतो. जपानच्या घाटरस्त्यांवर वाढलेल्या या प्रकाराला तिथल्या डी१ ग्रांप्रीने आणि २००४ पासून अमेरिकेतल्या फॉर्म्युला ड्रिफ्टने स्पर्धेचे रूप दिले. अशा गाडीतून कंपनीची मूळ टाकी काढून फ्युएल सेल, म्हणजे शर्यतीसाठी वेगळी बनवलेली टाकी, बसवणे हे आता सर्रास चालते. त्यामागे एक घट्ट समजूत आहे: फ्युएल सेल आला की गाडी सुरक्षित झाली. ही समजूत अर्धी खरी आहे आणि उरलेल्या अर्ध्या भागात धोका आहे. मूळ टाकी कुठे बसवायची, तिच्यातली हवा कुठून जाणार-येणार, धडकेत ती कशी वाचणार, हे सगळे कारखान्यात कुणीतरी विचार करून ठरवलेले असते. ती काढली की हा सगळा विचार बसवणाऱ्याला नव्याने करावा लागतो. सुरक्षितता टाकीच्या खोक्यात बांधून येत नाही. ती टाकी बसवण्याच्या कामातून येते.

ड्रिफ्टवाल्यांच्या आवडत्या निसान सिल्व्हियाचे, त्यातही एस१३ मॉडेलचे उदाहरण घेऊ. तिची मूळ टाकी मागच्या एक्सलच्या मागे, डिकीच्या तळाखाली असते आणि तिच्यात सुमारे ६० लिटर पेट्रोल मावते. रोजच्या रस्त्यासाठी तिच्यात काहीही वावगे नाही. पण गाडीवर गुरुत्वाकर्षणाइतकाच आडवा जोर आला की टाकीतल्या पेट्रोलचा पृष्ठभाग ४५ अंशांत कलतो, आणि चांगल्या टायरांवरची ड्रिफ्ट गाडी त्या जोराच्या जवळपास जाते. शिवाय हा जोर क्षणभराचा नसतो. काही सेकंद तो एका बाजूला राहतो, मग गाडी झटक्यात दुसरीकडे फिरते आणि सगळे पेट्रोल समोरच्या भिंतीवर आदळते. टाकी भरलेली असेल तर काही बिघडत नाही. पण वजन नको म्हणून ड्रिफ्टवाले पाव टाकीवरच धावतात, आणि मग पंपाचे तोंड उघडे पडून पंप हवा ओढू लागतो. इंजेक्टरांना लागणारा दाब, जो एरवी ३ बारच्या आसपास असतो आणि टर्बोच्या दाबाबरोबर वाढायला हवा, नेमका गरजेच्या वेळी कोसळतो. ७००० आरपीएमला चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर सेकंदाला ५८ वेळा पेट घेतो. म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या उपासमारीत प्रत्येक पिस्टनला जवळजवळ तीस स्फोट कमी पेट्रोलावर, भरपूर हवेवर आणि भलत्याच उष्णतेवर सोसावे लागतात. इंजिन एकदा अडखळते, चालकाला वाटते चाक घसरले, आणि तेवढ्यात पिस्टनची कड गेलेली असते.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. मूळ टाकी तशीच ठेवून सर्ज टाकी जोडली की काम भागते, मग एवढा खटाटोप कशाला? सर्ज टाकी म्हणजे एक-दोन लिटरचे उभे भांडे. मूळ टाकीतला पंप ते सतत भरत राहतो, जास्तीचे पेट्रोल वरून परत जाते आणि इंजिनाचा पंप तळातून घेतो. हिशेब करून पाहिला तर ५०० हॉर्सपॉवरचे टर्बो इंजिन पूर्ण जोरावर मिनिटाला अडीच ते तीन लिटर पेट्रोल पिते. दोन लिटरच्या भांड्यावर ते चाळीसेक सेकंद निभते, आणि ड्रिफ्टच्या एका फेरीत इतका वेळ पूर्ण जोर सलग कधीच नसतो. तेव्हा उपासमार हीच एकमेव तक्रार असेल, तर नवख्या चालकाने मूळ टाकी आणि नीट बसवलेली सर्ज टाकी एवढ्यावर थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ई८५ या इथेनॉलमिश्रित इंधनावर हा हिशेब पार बदलतो. त्याच ताकदीला ते पेट्रोलपेक्षा साधारण तिसऱ्या हिश्श्याने जास्त लागते, त्यामुळे भांडे, पंप आणि नळ्या सगळेच वाढवावे लागते.

टाकी बदलण्याचे खरे कारण आग हे आहे. ड्रिफ्टमध्ये मागचा बंपर भिंतीला लागेल इतका जवळ न्यायचा असतो, आणि जोडीच्या फेरीत दुसरी गाडी दाराला खेटून येते. म्हणजे सिल्व्हियाची टाकी जिथे आहे, तोच भाग मार खातो. मे १९६४ मध्ये सहा दिवसांच्या अंतराने शार्लट आणि इंडियानापोलिस या दोन अमेरिकी ट्रॅकांवर पेट्रोलचा भडका उडाला. पहिल्यातून चालक फायरबॉल रॉबर्ट्स पुढे वाचले नाहीत. दुसऱ्यात एडी सॅक्स आणि डेव्ह मॅकडोनाल्ड गेले. त्यानंतर शर्यतीच्या गाड्यांत रबरी पिशवीची टाकी रूढ झाली. बाहेर धातूचा डबा, आत रबराचा लेप दिलेल्या मजबूत कापडाची पिशवी आणि पिशवीत स्पंजासारखा फोम, अशी तिची रचना असते. डबा चेपला तरी पिशवी वाकते, फाटत नाही. म्हणूनच नुसत्या ॲल्युमिनियमच्या डब्यात फोम कोंबून त्याला फ्युएल सेल म्हणणे मला मान्य नाही. वेल्ड उकलले की आतला फोम गळती थांबवत नाही. आणि फोममुळे उपासमार टळते हा दुसरा गैरसमज. फोम पेट्रोलची आदळआपट मंद करतो, पण काही सेकंद टिकणाऱ्या जोरापुढे पेट्रोल त्यातून पाझरत शेवटी त्याच कोपऱ्यात जाते. त्याला धरून ठेवायला आत एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपांची पेटी लागते. ही पेटी टाकीच्या आतच असलेली बरी, कारण बाहेरच्या प्रत्येक भांड्याबरोबर नळीचे चार जोड वाढतात.

काम जवळून पाहिले की जबाबदारी कुठेकुठे असते ते कळते. डिकीचा तळ ग्राइंडरने कापला की दिसते, तो पत्रा मिलिमीटरभरही जाड नसतो. ४० लिटर पेट्रोलचे वजन ३० किलो भरते, आणि धडकेत वीसपट जोर आला तर तेच ६०० किलोंसारखे ओढते. त्या पत्र्याला बोल्ट मारून अडकवलेली टाकी बोल्टासकट निघून येईल. म्हणून चौकोनी पाइपची चौकट दोन्ही बाजूंच्या चॅसिस रेलना जोडायची, टाकी तिच्यात बसवायची आणि वरून लोखंडी पट्ट्यांनी आवळायची. जागा शक्य तितकी एक्सलकडे, पुढे. यावर वजन उंच गेल्याची तक्रार होते आणि ती खरीही आहे. पण भिंतीपासून मिळालेले वीतभर अंतर मला त्याहून मोलाचे वाटते. मग चालक आणि टाकी यांच्यामधली भिंत. सिल्व्हियाच्या मागच्या फळीत स्पीकरची भोके असतात, सीटमागे वायरिंगची असतात, आणि १८०एसएक्स या तिच्या हॅचबॅक भावंडाला तर मागचे दार काचेसकट उघडते, त्यामुळे डिकी आणि केबिन एकच असतात. एकूणएक भोक पत्र्याने आणि सीलंटने बुजवावे लागते, कारण आगीच्या आधी वाफ येते आणि वाफेला बोटभर फट पुष्कळ होते.

वरचे झाकण पुष्कळदा २४ बोल्टांचे असते. ते घड्याळाच्या काट्यासारखे एकामागून एक आवळत गेले तर गॅस्केट एका बाजूला दबून दुसरीकडे उचलले जाते, म्हणून समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे करून दोन-तीन फेऱ्यांत आवळतात. झाकणापासून चॅसिसपर्यंत एक अर्थिंगची वायर हवी, कारण रबराच्या पिशवीमुळे झाकण गाडीपासून विद्युतदृष्ट्या तुटलेले असते आणि पेट्रोल भरताना साचलेली स्थिर वीज ठिणगी होऊन उडू शकते. सगळ्यात जास्त दुर्लक्ष होते ते व्हेंटकडे, म्हणजे टाकीतली हवा जाण्यायेण्याच्या नळीकडे. ही नळी टाकीच्या माथ्यावरून वळसा घेऊन, गाडी उलटल्यावर बंद होणाऱ्या झडपेतून, तळाच्याही खाली बाहेर सोडायची असते. ती मुरगळली तर पंप पेट्रोल ओढत राहतो आणि आत निर्वात होते. मग पिशवी आतल्या आत चिपाडासारखी चिपकते आणि टाकीत पेट्रोल असूनही इंजिन मरते. फेरीनंतर टोपण सैल करताना हवा आत ओढली गेल्याचा आवाज आला, तर व्हेंट पुन्हा उघडून पाहावा.

शेवटचा आक्षेप खर्चाचा. पिशवीची टाकी महाग, मग जुनी का घेऊ नये? रबर वयाने झिजते. एफआयएच्या नियमाप्रमाणे पिशवी तयार झाल्यापासून पाच वर्षांपर्यंतच चालते, पुढची दोन वर्षे मिळतात ती निर्मात्याने तपासून दिली तरच. फोमही कालांतराने भुगा होऊन फिल्टरमध्ये उतरतो. स्वस्तात मिळालेल्या टाकीवरची तारीख आधी वाचावी आणि झाकण उघडून फोम बोटांनी चुरून पाहावा. हे करायची तयारी नसेल, तर गाडीची मूळ टाकी जिथे आहे तिथेच राहू द्यावी. आणि तयारी असेल, तर पहिल्या दिवशी दाब नोंदवणारे यंत्र लावून, टाकीत मुद्दाम दहा लिटरच ठेवून, आधी एका दिशेने आणि मग दुसऱ्या दिशेने गोल फिरत राहावे, आणि आलेखातली दाबाची रेघ कुठे खाली डोकावते का ते पाहावे.