गणतीत नाही, तर मदतीतही नाही

गटाच्या बैठकीत आपण दर महिन्याला पैशांचा हिशोब करतो. आज हिशोब माणसांचा, आणि तोही दूर अमेरिकेतल्या एका जिल्ह्याचा. तिकडे जिल्ह्याला काउंटी म्हणतात.

कॅलिफोर्निया राज्यातल्या मॉन्टेरे काउंटीत सॅलिनास नावाचं खोरं आहे. तिथे भाजीपाला आणि स्ट्रॉबेरीची मोठी शेती होते. ती काढणारे हात बहुतेक मेक्सिकोतून आलेल्या कुटुंबांचे. मेक्सिको आणि त्याच्या दक्षिणेकडच्या देशांतून आलेल्या लोकांना तिथे लॅटिनो म्हणतात, बाई असेल तर लॅटिना. दोघांना एकच शब्द हवा म्हणून काहींनी लॅटिनएक्स हा शब्द काढला. पण २०१९च्या एका पाहणीत स्वतःसाठी तो वापरणारे शंभरात तीनच निघाले. लोकांना काय म्हणायचं, हेसुद्धा आधी त्यांनाच विचारावं लागतं.

२०२०च्या जनगणनेत या काउंटीची लोकसंख्या सुमारे ४ लाख ३९ हजार होती. त्यात दर दहांत सहा जण लॅटिनो. पण एवढ्या आकड्यावरून कुणाला काय हवं ते कळत नाही. कुणी तीन पिढ्यांपासून तिथलेच, तर कुणी हंगामापुरते आलेले. कुणाची मातृभाषा स्पॅनिशही नाही, मिश्तेको आहे. त्यांच्या हाती स्पॅनिश पत्रक देऊन काय उपयोग? म्हणून आकडा फोडून बघावा लागतो: कुठली वस्ती, कुठली भाषा, काम कोणतं, एका घरात किती माणसं.

दुसरी अडचण म्हणजे सगळे मोजलेच जात नाहीत. २०२०च्या गणतीत देशभरात लॅटिनो लोकांपैकी शंभरात जवळजवळ पाच सुटले, असं जनगणना खात्यानेच नंतर तपासून सांगितलं. भाड्याच्या एका घरात दोन-तीन कुटुंबं दाटीने राहतात, लहान मुलं नोंदवायची राहतात. ज्यांच्याकडे कागदपत्रं नाहीत, ते अनोळखी माणसाला दार उघडत नाहीत. 'तुम्ही नागरिक आहात का?' हा प्रश्न गणतीत घालायचं सरकारने ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये तो अडवला, पण भीती एकदा बसली की लवकर जात नाही. शाळा, आरोग्य, पोषण यांचा पुष्कळसा निधी याच आकड्यांवर ठरतो. सुटलेल्या माणसांचा वाटा पुढची दहा वर्षं कमी पडतो.

नीट वापरला तर हाच आकडा कामीही येतो. कोविडच्या काळात तिथे पिनकोडसारख्या क्रमांकानुसार रुग्ण मोजले. सॅलिनास शहराच्या पूर्वेकडच्या दाट कामगार वस्तीत आजार जास्त पसरल्याचं त्यातून दिसलं. मग काउंटीने स्थानिक संस्थांमार्फत त्याच समाजातले आरोग्य कार्यकर्ते नेमले. अशा कार्यकर्तीला स्पॅनिशमध्ये प्रोमोतोरा म्हणतात, आपल्या आशाताईंसारखीच. तपासणी कुठे, लस कधी, घरी थांबावं लागलं तर मदत कुठे मिळेल, हे लोकांना त्यांच्याच भाषेत समजलं. ओळखीची बाई दारात आली की दार उघडतं.

आपल्यालाही हे लागू आहे. ऊसतोडीच्या दिवसांत गावात यादी केली तर कित्येक घरांना कुलूपच दिसेल. म्हणून गटाने यादी करताना चार गोष्टी पाळाव्यात. माहिती कशासाठी हवी ते आधी सांगावं. बाहेरगावी गेलेल्यांची आणि नव्याने आलेल्यांची वेगळी नोंद ठेवावी. कुणाचं नाव, आजार किंवा कर्ज चारचौघांत वाचू नये. आणि निघालेली माहिती त्याच बायांसमोर परत मांडून विचारावं, "हे बरोबर आहे का? यात कोण राहिलं?"

पुढच्या बैठकीत हा शेवटचा प्रश्न नक्की विचारा.