लोण्यात किती, ताकात किती

अर्धापूरच्या बागांतून ट्रक भरभरून बाहेरगावी जाणाऱ्या केळीत थोडा किरणोत्सार जन्मजातच असतो, हे विधान ऐकायला विचित्र वाटले तरी त्यात भेसळीचा किंवा अपघाताचा काहीही संबंध नाही. केळीत पोटॅशियम भरपूर असते आणि निसर्गातल्या पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंपैकी साधारण एक अणू पोटॅशियम-40 या अस्थिर जातीचा असतो, एवढेच त्याचे कारण आहे. अशा अस्थिर अणूंपैकी सेकंदाला एक फुटला की त्याला एक बेकरेल म्हणतात आणि या मापाने किलोभर केळीचा गर शंभराच्या थोडा वरच भरतो. फुकुशिमाच्या अपघातानंतर जपानने एप्रिल 2012 पासून सामान्य अन्नासाठी किरणोत्सारी सीझियमची जी कमाल मर्यादा ठरवली, ती किलोमागे 100 बेकरेल आहे. केवळ आकड्याला आकडा भिडवला तर अर्धापूरची केळी जपानच्या बंदरावर नापास व्हायला हवी.

ती होत नाही, कारण मर्यादा बाहेरून आलेल्या सीझियमची आहे, जन्मजात पोटॅशियमची नाही. शरीर पोटॅशियमची पातळी स्वतः राखते, जास्तीचे लघवीवाटे टाकून देते. त्यामुळे डझनभर केळी खाल्ली तरी प्रौढ माणसाच्या अंगात आधीपासून असलेल्या चारएक हजार बेकरेलमध्ये टिकाऊ वाढ होत नाही. सीझियम-137 हे रासायनिक स्वभावाने पोटॅशियमचे भावंड असल्याने स्नायूंत सहज शिरते, पण ते शरीरात मुळात नसतेच, म्हणून जेवढे पोटात जाते तेवढी भर पडते; शिवाय बेकरेलला बेकरेल धरले तर प्रौढाला त्याचा उपद्रव पोटॅशियम-40 च्या सुमारे दुप्पट असतो. अणुऊर्जेच्या वादात केळी पुढे करून सगळी भीती हसण्यावारी नेणाऱ्यांचे म्हणणे म्हणूनच अर्धेच खरे ठरते.

महाराष्ट्रात हा प्रश्न एकदा थेट लोण्याच्या रूपाने दारात आला होता. 26 एप्रिल 1986 रोजी चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली आणि तिची धूळ वाऱ्यापावसाबरोबर युरोपभर पसरली. त्यानंतर युरोपीय आर्थिक समुदायाकडून दुग्धमहापूर योजनेसाठी मदत म्हणून आलेल्या सुमारे 200 टन आयरिश लोण्यात किरणोत्सारी सीझियम असल्याच्या शंकेवरून मुंबईत न्यायालयाचा दरवाजा ठोठावला गेला. उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्यावर ‘डॉ. शिवराव शांताराम वागळे विरुद्ध भारत सरकार’ हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. अणुऊर्जा नियामक मंडळाने 27 ऑगस्ट 1987 रोजी घालून दिलेल्या मर्यादेच्या आतले दूध व दुग्धपदार्थ खाण्यास निर्धोक आहेत काय, असा नेमका प्रश्न न्यायालयाने तज्ज्ञ समितीपुढे ठेवला आणि समितीने ते निर्धोक असल्याचे सांगितल्यावर 1988 मध्ये वितरणाचा मार्ग मोकळा झाला.

या खटल्यातली गंमत घरातल्या रवीपाशी उलगडते. सीझियम पाण्यात विरघळते, स्निग्धांशात नाही. त्यामुळे दूषित दुधाचे विरजण घुसळले की लोण्याचा गोळा वर येतो आणि सीझियमचा फार मोठा वाटा खाली ताकात राहतो. तेच लोणी कढवून उरलेले पाणी आटवले आणि बेरी गाळून टाकली की तुपात सीझियम जवळजवळ उरतच नाही. म्हणजे शंका घ्यायचीच तर ती लोण्याआधी साय काढलेल्या दुधाच्या भुकटीवर घ्यायला हवी होती, कारण पाणी उडून गेल्यावर सीझियम भुकटीत एकवटते. लोकांच्या मनात मात्र घर केले ते लोण्याने. न्यायालयात जाणाऱ्यांचा आग्रह तरीही गैर म्हणता येत नाही, कारण मर्यादेची उघड चर्चा झाली ती त्यांच्यामुळेच.

चेर्नोबिलच्या परिसरात अन्नातून झालेली सर्वांत मोठी हानी सीझियमची नव्हे, आयोडीन-131 ची होती. हे आयोडीन आठ दिवसांत निम्मे होते, म्हणजे ऐंशी दिवसांत त्याचा हजारावा हिस्साही उरत नाही. पण त्या पहिल्या काही आठवड्यांत ते गवतावर पडले, गायींनी ते खाल्ले आणि गावोगावच्या मुलांनी ताजे दूध प्यायल्यावर त्यांच्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत साठले. बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या बाधित भागांत त्या वेळी लहान असलेल्यांमध्ये 2005 पर्यंत थायरॉइड कर्करोगाचे सहा हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतल्या बऱ्याच रुग्णांच्या मुळाशी हे दूध होते. तेच दूध भुकटी करून किंवा चीज बनवून दोन-तीन महिने ठेवले असते, तर आयोडीनचा धोका कोठीतच विझला असता. पोलंडने मात्र त्या दिवसांत साधे, स्थिर आयोडीन सुमारे एक कोटी मुलांना पाजले, जेणेकरून ग्रंथी आधीच भरलेली राहावी आणि किरणोत्सारी आयोडीनला जागाच मिळू नये.

सीझियम-137 चे अर्धायुष्य तीस वर्षांचे असल्याने त्याच्या बाबतीत नुसते थांबून भागत नाही. मग मातीकडे वळावे लागते. पोटॅशियम कमी असलेल्या जमिनीत पीक चुकून सीझियम उचलते, म्हणून फुकुशिमाच्या भातशेतीत पोटॅशची मात्रा वाढवून ही उचल रोखण्यात आली. केळीला हप्त्याहप्त्याने पोटॅश देणाऱ्या अर्धापूरच्या शेतकऱ्याला हे खत नवे नाही, त्याचा हा उपयोग तेवढा नवा वाटेल. जनावरांच्या बाबतीत उपाय याहून साधा आहे: किरणोत्सारी धूळ पडून गेलेल्या शिवारात जनावरे चरायला न सोडता आधीची साठवण खाऊ घालायची. कडब्याच्या उघड्या गंजीवर धूळ बसते ती वरच्या थरावर. तो थर बाजूला सारला की आतल्या पेंढ्या कोरड्या आणि स्वच्छ निघतात.