विहिरीतला चमकणारा दगड सोनं की गंज? घरच्या घरी असं ओळखा

दिग्रस : विहिरीच्या खोदकामात चमकणारा दगड निघाला की गावभर चर्चा होते. मागच्या उन्हाळ्यात आमच्याही विहिरीतून असा दगड निघाला. शेजारच्या काकांनी तर तो फडक्यात बांधून देव्हाऱ्यात ठेवला. निघाला काय, तर हिरवा थर चढलेला साधा कॅल्साईट!

आपला भाग लाव्ह्यापासून झालेल्या काळ्या दगडाचा, म्हणजे बेसॉल्टचा. या दगडात सोन्याच्या खाणी नसतात. विदर्भात सोन्याच्या खुणा मिळाल्या त्या नागपूर-भंडारा भागातल्या, त्याहून कितीतरी जुन्या साकोली गटाच्या खडकात. कर्नाटकातल्या हट्टी इथं तर सुमारे २००० वर्षांपूर्वीही लोक खाणीत उतरत होते. खडकावर जाळ करून तो फोडत.

जुने खाणवाले सोनं शोधायचे कसे? गंजावरून. काळ्या दगडाचा ऊनपावसानं मुरूम होतो, तसंच खनिजाचंही होतं. सोनं बहुतेक वेळा गारगोटीच्या शिरेत पायराईटसोबत असतं. पायराईट म्हणजे लोखंड आणि गंधक. हवा-पाणी लागलं की तो गंजतो, गंधक वाहून जातं, मागं तपकिरी लिमोनाईट आणि पोकळ्या उरतात. सोनं गंजत नाही, ते तिथंच सुटं होतं. म्हणून वरचा गंजका दगड कुटून, धुऊन सोनं काढणं सोपं जायचं.

रंगावरून अंदाज
- पिवळा-तपकिरी : लिमोनाईट, लोखंडाचा गंज
- हिरवा किंवा निळा : मॅलाकाईट, अझुराईट, म्हणजे तांब्याचा गंज. पण आपल्याकडच्या बेसॉल्टमधला हिरवा थर बहुधा मातीसारख्या खनिजाचा असतो.
- फिकट हिरवट राखाडी : स्कोरोडाईट असू शकतो. यात विषारी आर्सेनिक असतं.

साधी परीक्षा
चमकणारा कण सुईनं दाबा. सोनं मऊ असतं, दबतं, तुटत नाही. पायराईटचा चुरा होतो. अभ्रकाचे पापुद्रे निघतात. मग पांढऱ्या टाईलच्या मागच्या खरखरीत बाजूवर दगड घासा. पायराईटची रेघ हिरवट काळी, लिमोनाईटची पिवळी-तपकिरी पण मातकट, सोन्याची पिवळी आणि चकाकती येते.

एक गोष्ट मात्र करू नका. दगड चुलीत किंवा भट्टीत भाजू नका. आर्सेनिक असेल तर लसणासारखा वास येतो आणि तो धूर जीवावर बेतू शकतो.

खाणीतल्या चांगल्या दगडातही टनामागं काही ग्रॅमच सोनं असतं, बहुतेक वेळा डोळ्यांना दिसतही नाही. त्यामुळे "तुमच्या शेतात सोनं आहे, तपासणीचे पैसे आधी द्या" असं कोणी म्हटलं तर एक रुपयाही देऊ नका. शंका असेल तर दगड घेऊन यवतमाळला जिल्हाधिकारी कार्यालयातल्या खनिकर्म विभागात विचारा. विहिरीला पाणी लागलं, तेच आपलं सोनं.