पहाऱ्याच्या विद्येचा जमाखर्च

नांदेडहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर चुडावा हे लहानसे स्थानक लागते. जंक्शनचा मान पूर्णेला, गुरुद्वारा आणि विद्यापीठ नांदेडला, जिल्ह्याची कचेरी परभणीला. चुडाव्याच्या वाट्याला स्थानक, एक पोलीस ठाणे आणि भोवतालची काळी जमीन एवढेच आले. तथापि सुरक्षेच्या विद्येचा हिशेब मांडू पाहणाऱ्याला याहून सोयीची बैठक मराठवाड्यात मिळणे कठीण. पूर्णेहून फुटणाऱ्या फाट्यावर हिंगोलीला राज्य राखीव पोलीस दलाचा बारावा गट आहे, नांदेडच्या पलीकडे मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचे प्रशिक्षण महाविद्यालय आहे, आणि ज्या विद्यापीठाच्या कक्षेत ही सारी गावे येतात त्याच्या कला शाखेत संरक्षणशास्त्र अथवा लष्करीशास्त्र हा विषय घेऊन पदवी मिळवता येते. बंदूक चालवायला शिकवणाऱ्या दोन संस्था आणि बंदुकीविषयी शिकवणारी तिसरी; पैकी पहिल्या दोहोंत शिकणाऱ्याला सरकार दरमहा वेतन देते आणि तिसरीत शिकणारा शुल्क भरतो. मुलाने बारावीनंतर हा विषय घेतो म्हटले की बाप जो प्रश्न विचारतो, की यातून पुढे काय, त्याचे मूळ या भेदात आहे.

हा भेद फार जुना नाही. संरक्षणाचा खर्च कोणी सोसायचा हा वाद या मुलखात गाजला तो निजाम आणि कंपनी सरकार यांच्यामध्ये. हिंगोली ही तेव्हा हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. फौज निजामाच्या नावाची, अंमल इंग्रज अधिकाऱ्यांचा, आणि तनख्याचा बोजा निजामाच्या खजिन्यावर, असा तो सोयीचा प्रकार होता. तनखा तुंबत गेला, कर्ज वाढत गेले, आणि १८५३ च्या तहाने त्या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाडचा सबंध सुपीक प्रांत इंग्रजांच्या स्वाधीन करावा लागला. पुढे १९०२ च्या कराराने वऱ्हाड सालीना २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने गेला आणि १९०३ मध्ये कंटिंजंट हिंदी फौजेत विलीन झाली. पहाऱ्यासाठी प्रांत गमावण्याचा हा व्यवहार आतबट्ट्याचा होता हे उघड आहे; परंतु कवायत शिकण्यासाठी शिपायाच्या पदरची एक कवडी गेली नाही, हेही तितकेच खरे. शिकवण्याचा खर्च नोकरी देणाराच करी, कारण शिकलेला माणूस त्याच्याच उपयोगी पडायचा होता.

गावपातळीवर तर विद्या हा शब्दच कोणी उच्चारला नसता. निजामी अमलात पोलीस पाटलाकडे बंदोबस्त आणि माली पाटलाकडे वसूल अशी वाटणी असे, आणि प्रत्यक्ष गस्त, वेशीवरची रखवाली, परक्या माणसाची पारख, चोराचा माग ही सारी कामे वेसकर महारावर लादलेली असत. कोणत्या रात्री कोणत्या वाटेने कोण आला हे पावलांवरून सांगणारे ते ज्ञान आजच्या कोणत्याही अभ्यासक्रमात शोभले असते. पण त्याला मोबदला म्हणून दारोदारची भाकर, आणि ती घेण्यातली मानहानी. वतने गेली, १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने पोलीस पाटील हा वारसाहक्काचा न राहता नेमणुकीचा मनुष्य झाला, आणि वेसकराची पोरे शाळेत गेली. ती शिकून पोलिसांत, लष्करात, रेल्वेत शिरली तेव्हा पहाऱ्याच्या कामाला त्यांच्या घरांत पहिल्यांदा पगारपत्रक लाभले. ही क्रांतीच होय. मात्र तिला पदवी लागली नाही.

संरक्षण हा शाळा-महाविद्यालयांचा विषय होण्यास दोन प्रसंग कारण झाले असे म्हणता येईल. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाईने निजामी राजवट कोसळली, आणि रझाकारांच्या धाकाखाली वर्ष काढलेल्या गावांना आपल्या बाजूचे शस्त्रधारी दल म्हणजे काय असते हे कळले. दुसरा प्रसंग १९६२ च्या चीन युद्धाचा. यशवंतराव चव्हाण त्याच वर्षी संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले, १९६३ मध्ये महाविद्यालयांत राष्ट्रीय छात्रसेना सक्तीची झाली, आणि १९६८ मध्ये ती सक्ती उठली तरी खाकी गणवेशाची ओढ राहिली. तोवर मराठवाड्याची महाविद्यालये उस्मानिया विद्यापीठाच्या छायेतून निघून १९५८ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाकडे आली होती. १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ निघाल्यावर चुडाव्याच्या मुलाला विद्यापीठासाठी लांबचा प्रवासही उरला नाही.

आता पदवीचा खरा हिशेब पाहावा. अनुदानित कला महाविद्यालयाचे शुल्क काही हजारांत भागते, त्यातलाही बराच भाग शिष्यवृत्तीने व शुल्कमाफीने परत येतो. तेव्हा रोख रकमेच्या दृष्टीने ही पदवी महाग नाही. परंतु तिच्या बदल्यात मिळणाऱ्या हुद्द्यांच्या अर्हता एकेक करून वाचल्या की मन खट्टू होते. लष्कराच्या शिपायाला दहावी पुरते. राज्याच्या पोलीस शिपायाला बारावी पुरते. पोलीस पाटलाला दहावी. फौजदार व्हायचे तर पदवी लागते खरी, पण ती कोणत्याही शाखेची चालते. संयुक्त संरक्षण सेवा परीक्षेतून भूदलाच्या अकादमीत जाणाऱ्यालाही कोणत्याही विषयाचा पदवीधर असून भागते. केंद्रीय सशस्त्र दलांतल्या सहायक समादेशकाचेही तसेच. कौटिल्याचे मंडल आणि क्लॉझविट्झचे युद्धविवेचन तीन वर्षे घोकलेला विद्यार्थी आणि मराठी वाङ्मय घेऊन उत्तीर्ण झालेला विद्यार्थी भरतीच्या खिडकीसमोर एकाच रांगेत उभे असतात. ज्या एका जागी हाच विषय लागतो ती प्राध्यापकाची. आणि तिथे नेट-सेट उत्तीर्ण होऊनही तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणारी माणसे सर्वांच्या परिचयाची आहेत.

मग किंमत कशाची मोजली जाते? वयाची. लष्करात चार वर्षांसाठी घेतल्या जाणाऱ्या अग्निवीराची मूळ वयोमर्यादा साडेसतरा ते एकवीस ठरली. बारावी अठराव्या वर्षी झाली असे धरले तर पदवीचे शेवटचे वर्ष आणि भरतीची शेवटची संधी एकाच सुमारास हातातून निसटतात. पोलीस भरतीत खुल्या वर्गाला अठ्ठाविसाव्या आणि मागास प्रवर्गाला तेहतिसाव्या वर्षापर्यंत मुभा आहे, म्हणून पदवीनंतरची सारी उमेद तिकडे वळते. चुडाव्यासारख्या गावाच्या रस्त्यावर पहाटे फटफटायच्या आधी पाहावे: डांबरी कडेला चुन्याने ओढलेल्या खुणा, पायांत झिजलेले बूट, एकाच्या हातात मोबाईलवर लावलेले घड्याळ, आणि १६०० मीटर पाच मिनिटे दहा सेकंदांच्या आत काढायचे म्हणून धापा टाकत येणारी पोरे. तेवढ्या वेळात आले तर वीसपैकी वीस. मग शंभर मीटर, मग ७.२६ किलोचा गोळा. ‘ग्राउंड’ किती झाले, ‘मेरिट’ किती लागले, हीच तिथली भाषा. महाविद्यालयाच्या शुल्काच्या कितीतरी पट खर्च होतो तो जिल्ह्याच्या गावी काढलेल्या खासगी अकॅडमीच्या मैदानावर, वसतिगृहावर आणि मेसवर. आणि एवढे करून २०२४ मध्ये सतरा हजारांवर जागांसाठी सतरा लाखांवर अर्ज आले, म्हणजे एका जागेमागे शंभराच्या घरात उमेदवार. संरक्षणशास्त्राच्या पदवीला या शर्यतीत एक गुणही अधिक नाही. छात्रसेनेच्या ‘सी’ प्रमाणपत्राला मात्र मान आहे, आणि माझ्या मते याच विषयाच्या विद्यार्थ्याने ते न घेणे ही हिशेबातली सर्वांत मोठी गफलत होय.

जे या शर्यतीतून गळतात त्यांच्याविषयी गावात एक ठरलेले वाक्य असते: ‘पुण्याला सिक्युरिटीत आहे.’ चाकणच्या कारखान्याचे फाटक, हिंजवडीच्या इमारतीचा तळमजला, एखाद्या सोसायटीची नोंदवही. खासगी सुरक्षा संस्थांच्या नियमनाचा कायदा २००५ मध्ये झाला आणि त्याखालील आदर्श नियमांनी पहारेकऱ्यास १६० तासांचे प्रशिक्षण ठरवून दिले, त्यातले १०० वर्गात आणि ६० प्रत्यक्ष. माजी सैनिक वा माजी पोलीस असेल तर ५६ तासांत काम भागते. पदवीधराला असली सवलत नाही. तीन वर्षांची पदवी घेतलेला मनुष्य कायद्याच्या दृष्टीने दहावी झालेल्या शेजाऱ्याइतकाच कोरा, आणि रात्रपाळीची खुर्ची दोघांनाही सारखीच टोचते. महाराष्ट्राने याच्या कितीतरी आधी, १९८१ मध्ये, सुरक्षारक्षकांच्या नोकरीचे नियमन आणि कल्याण यासाठी स्वतंत्र कायदा करून मंडळाची सोय केली होती. मंडळामार्फत लागलेला रक्षक आणि कंत्राटदाराकडून बारा तास उभा राहिलेला रक्षक यांच्या जिण्यातले अंतर कोणत्याही पदवीने पडणाऱ्या अंतराहून मोठे आहे.

एका दिशेला मात्र हिशेब उलटा लागू लागला आहे. मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यानंतर राज्याने स्वतःचे सुरक्षा महामंडळ कायद्याने उभारले. गुजरातेत रक्षाशक्ती आणि न्यायवैद्यक या दोन विद्यापीठांना २०२० मध्ये राष्ट्रीय दर्जा मिळाला. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींहून अधिक रक्कम दोन दिवसांच्या चोरीत संगणकावाटे गेली, तेव्हा दारावरचा पहारेकरी जागाच होता. या चोराचा माग काढणारा मनुष्य शिकवूनच तयार करावा लागतो, आणि तिथे पदवीला भाव आहे. ऑस्ट्रेलियातील पर्थच्या एडिथ कोवन विद्यापीठात सुरक्षाविज्ञान ही पदवीची स्वतंत्र शाखा मानली गेली, तीही जोखमीचे मोजमाप हा एक व्यवसाय आहे या समजुतीने. पण ही वाट गणित आणि संगणकाच्या दारातून जाते. कला शाखेत संरक्षणशास्त्र घेतलेल्या मुलास ती सहजी सापडत नाही, आणि त्याला ते वेळेवर सांगणारेही थोडे. भरमसाट शुल्क घेऊन सुरक्षा-व्यवस्थापनाची पदविका देणाऱ्या जाहिराती नेमक्या याच अज्ञानावर जगतात.

जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी, पहिल्या वर्षी दरमहा तीस हजार आणि त्यांतले नऊ हजार सेवानिधीत, शेवटी सुमारे पावणेबारा लाख, आणि फार तर चौथा हिस्सा लोक कायम, अशी तिची कलमे. तिच्यावर टीका पुष्कळ झाली आणि तीत तथ्यही आहे. सैनिकाच्या जिण्याला पेन्शनीचा जो आधार होता तो येथे तुटला. परंतु त्याच महिन्यात शिक्षण मंत्रालयाने अग्निवीरांसाठी एक पदवी जाहीर केली, आणि तिचे निम्मे श्रेयांक नोकरीतल्या प्रशिक्षणातूनच मोजले जातील असे ठरवले. उरलेले इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाकडून. कंटिंजंटच्या काळातली रीत, म्हणजे आधी नोकरी, मग तिच्या पोटातून विद्या, ही अशी वाकड्या वाटेने परत आली. भूदलाची पहिली तुकडी २०२३ च्या आरंभी प्रशिक्षणास गेली होती. तिची चार वर्षे भरल्यावर तिशीच्या आतले, हाती रक्कम आणि अर्धी पदवी असलेले तरुण पूर्णा तालुक्यातही उतरतील, आणि पहाटेच्या रस्त्यावर त्यांच्याहून लहान पोरे धावत असतील तेव्हा कोणी आधी पदवी घ्यावी नि कोणी आधी बूट घालावेत, हे विचारायला त्यांना महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेकडे जावे लागणार नाही.