मोबाइलच्या मदतीने घराला लावू या चांगल्या सवयी



पालकसभेत हमखास येणारी तक्रार आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. "सर, याचा मोबाइल सुटत नाही, तुम्हीच काहीतरी सांगा." मग आपण वर्गात मोबाइलचे दुष्परिणाम सांगतो, निबंधाला तोच विषय देतो आणि संध्याकाळी त्याच वर्गाच्या ग्रुपवर गृहपाठ टाकतो! मोबाइल घरातून जाणार नाही, हे एकदा मान्य करू. तो आहेच, तर घराच्या तब्येतीसाठी त्याच्याकडून कोणती कामं करून घेता येतील? त्याला दोन गोष्टी चांगल्या जमतात: मोजणं आणि आठवण करून देणं. तेवढीच त्याला सांगावीत. सवय लावण्याचं काम घरातल्या माणसांचं, आणि त्याची सुरुवात मोठ्यांच्या फोनपासून होते.

म्हणून आधी आपलाच फोन उघडू. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' आणि आयफोनमध्ये 'स्क्रीन टाइम' असतं. वेगळं अ‍ॅप घ्यावं लागत नाही. कोणत्या अ‍ॅपवर किती वेळ गेला, दिवसात किती वेळा फोन उघडला, हे तिथे दिसतं. रविवारी संध्याकाळी आई, बाबा, दादा, ताई सगळ्यांचे आकडे धाकट्याला वहीत लिहू द्या. तो पाचवी-सहावीत असेल तर त्याचा स्तंभालेख काढू द्या. गणिताचा स्वाध्याय आपोआप होतो. पण खरी गोष्ट पुढे आहे. ज्याच्यावर रोज ओरडा बसतो त्याच्यापेक्षा ओरडणाऱ्याचा स्तंभ उंच निघतो, आणि मग घरात वेगळ्या सुरात बोलणं सुरू होतं. आकडा बघून कोणालाही टोमणा मारायचा नाही, एवढा एकच नियम ठेवा. नाहीतर पुढच्या रविवारी कोणी फोन दाखवणार नाही.

आता झोप. माझ्या मते सगळ्यात जास्त लक्ष इथे द्यायला हवं. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप लागते, १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १०. गणित सोपं आहे. तिसरीतल्या मुलीला सकाळी साडेसहाला उठायचं असेल, तर निदान साडेनऊला ती झोपलेली हवी. किती घरांत हे होतं? महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असं सांगितलं, त्यामागे मुलांच्या अपुऱ्या झोपेचंच कारण होतं. पण शाळा उशिरा भरली आणि रात्रीचे व्हिडिओही तेवढेच लांबले, तर हाती काय लागलं?

आपण गजर उठण्यासाठी लावतो. एक गजर झोपण्यासाठी लावून बघा, रात्री नऊचा. तो वाजला की घरातले सगळे फोन, होय, बाबांचाही, स्वयंपाकघरात किंवा हॉलमध्ये चार्जिंगला लागतील. "मला सकाळच्या गजरासाठी फोन उशाशी लागतो" ही मोठ्यांची नेहमीची सबब. त्यावर उपाय म्हणजे साधं टेबलावरचं घड्याळ. घरी कोणी आजारी असेल, रात्री फोन येण्याची शक्यता असेल, तर आवाज मोठा ठेवून फोन बाहेरच ठेवावा, ऐकू येतोच. फोनमध्ये झोपेच्या वेळी पडदा करडा करण्याची सोयही असते. रंग गेले की रील्सची निम्मी मजा जाते, हे करून पाहण्यासारखं आहे.

चालण्याचं काय? फोनमधला हालचाल ओळखणारा सेन्सर पावलं मोजतो. मोठ्यांना याचा उपयोग होतो, पण दहा हजारांच्या आकड्याचा फार ताण घेऊ नका. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विक्रीला आलं, त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलांचं मापक' असा होता. तिथून हा आकडा रूढ झाला. आज तीन हजार होत असतील, तर पुढच्या आठवड्यात चार हजार, इतकं पुरे.

मुलांच्या बाबतीत मात्र पावलं मोजू नयेत असं मला वाटतं. एक तर बहुतेक घरांत फोन बाबांच्या खिशात, बाबा कामावर. शिवाय पावलं मोजण्यासाठी मुलाच्या खिशात फोन देणं म्हणजे रोगापेक्षा औषध जड! ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल असं खेळावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यासाठी घड्याळ पुरतं. लंगडी, लगोरी, दोरीच्या उड्या, सायकल, काहीही चालेल.

फोनच्या कॅमेऱ्याचा एक उपयोग फारसा कोणी करत नाही. खाऊच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायची असतील, तर फोटो काढून मोठा करा. तक्त्यात १०० ग्रॅममागे किंवा १०० मिलिलिटरमागे साखर किती ते दिलेलं असतं. साधारण ४ ग्रॅम म्हणजे चहाचा एक चमचा. समजा, शीतपेयावर १०० मिलिलिटरला १० ग्रॅम लिहिलंय आणि बाटली २५० ची आहे. झाले २५ ग्रॅम, म्हणजे सहा चमच्यांहून थोडं जास्तच. हे मुलांनाच काढू द्या आणि तेवढे चमचे साखर वाटीत ओतून दाखवा. घटकपदार्थांची यादीही वाचायला शिकवा. जे सगळ्यात जास्त, ते आधी लिहिलेलं असतं. दुकानात हट्ट करणारं मूल स्वतःच पाकीट उलटं करून बघायला लागतं.

पण कॅलरी मोजणारी, वजन नोंदवायला लावणारी अ‍ॅप मुलांच्या हातात देऊ नका. वाढत्या वयात वजन वाढणारच. सातवी-आठवीतल्या मुली आधीच आरशासमोर स्वतःला नावं ठेवत असतात, त्यात रोजचा आकडा कशाला? वजनाची काळजी वाटली तर डॉक्टरांना विचारा. आणि चालण्याचं अ‍ॅप तुमचे कॉन्टॅक्ट्स मागत असेल, तर सरळ 'नाही' म्हणा.

'सलग इतके दिवस' मोजून एक दिवस चुकला की शून्यावर आणणारी अ‍ॅपही मला पटत नाहीत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला लागलेल्या काळाचा मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला. कोणाला १८ दिवस पुरले, कोणाला त्याहून कितीतरी जास्त लागले, आणि मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. लग्नाला गेलो, उशीर झाला, गजर पाळला नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पाळायचा.

आजी-आजोबांना विसरू नका. त्यांच्या रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्यांच्या वेळा फोनमध्ये नातवाने लावून द्याव्यात, आणि गजर झाला की पाण्याचा पेला त्यानेच नेऊन द्यावा.

वर्गाच्या ग्रुपवर टाकायला एक मजकूर देतो, हवा तसा बदलून घ्या: "पालकहो, या आठवड्यात रात्री नऊचा गजर लावा. सगळे फोन एका जागी चार्जिंगला ठेवा. मूल किती वाजता झोपलं, किती वाजता उठलं, ते त्यानेच वहीत लिहावं. शनिवारी वही शाळेत पाठवा. फोटो पाठवू नका."