महायुद्धाची कलाटणी आणि चिमूर

दुसऱ्या महायुद्धाला कलाटणी देणारे प्रसंग म्हणून मिडवे, एल् अलामीन व स्टालिनग्राड यांचा निर्देश केला जातो. परंतु रणांगणावरील कलाटणी आणि लोकमानसातील कलाटणी यांचा काळ एकच असतो, असे नाही. तत्कालीन चांदा जिल्ह्यातील चिमूर हे याचे बोलके उदाहरण होय.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर व ८ मार्च रोजी रंगून पडले. ब्रिटिश सत्ता अजिंक्य नाही, ही जाणीव त्यामुळे देशभर दृढ झाली. जूनमध्ये मिडवे येथे जपानने चार विमानवाहू नौका गमावल्या आणि पॅसिफिकमधील पारडे फिरले. तथापि येथील जनमानसात रंगूनच ठसले होते. ८ ऑगस्टला 'चले जाव' ठराव संमत झाला आणि १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर पेटले. गोळीबारात आंदोलक पडले. जमावाच्या हातून सरकारी अधिकारी मारले गेले. मागाहून आलेल्या सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या तक्रारी झाल्या. त्यांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केले. ते जानेवारी १९४३ मध्ये सुटले; २ फेब्रुवारीला स्टालिनग्राड येथील जर्मन सेनेची शरणागती पूर्ण झाली.

सारांश, एखादा प्रसंग निर्णायक म्हणताना तो कोणाच्या दृष्टीने, हेही सांगणे अगत्याचे ठरते.